माझ्या चौकशीत आईची साक्ष

मी न्यायाधीशाची परीक्षा पास झाले, पण नेमणूक कशाने लटकली होती माहितीये? आमच्या आईने! नेमणुकीआधी पोलीस घरी चौकशीला येतात. मी वकिलीच्या कामाला पालघर कोर्टात होते, आणि इकडे आमच्या गावी, मुरब्याला, हवालदार दारात. बोंबील वाळत घालणाऱ्या आईला त्याने माझं नाव घेऊन विचारलं, "इथेच राहते का?"

आईला वाटलं, मला पकडायलाच आलेत. म्हणाली, "नाय. दोन वर्सं झाली, तिचा आमचा संबंध नाय."

त्याने लिहून घेतलं.

मी घरी आल्यावर तिने हे सांगितलं आणि मी ओरडलेच. "अगं आई, अर्जात हाच पत्ता दिलाय मी! खोटी माहिती दिली म्हणून नाव काढून टाकतील माझं!"

सकाळी तिला घेऊन पोलीस ठाणं गाठलं. ती जन्मात तिथे गेली नव्हती. माझ्या दंडात तिची नखं रुतत होती. मी तोंड उघडताच हवालदार म्हणाला, "मॅडम, तुम्ही थांबा. मावशी, काल बोललात ते खरं का?"

आई म्हणाली, "नाय, सायेब. तुमी पोरीला न्याल म्हणून भ्याले. पायजे तर मला धरा, पन तिचं वाईट लिवू नका. आता खरंच सांगते."

त्याने नवा कागद घेतला. "बरं, मुलगी वागायला कशी आहे?"

"भांडकुदळ हाय."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं, आणि तेवढं मात्र लिहिलं नाही.