मान खाली, घास लहान

— नाई, बसा तुमी, काई घाई नाई मले. हां, तं काय इचारलं — मीनाक्षी येळेवर येत होती का? येत होती. जैनथहून पहिल्या बसनं, बस चुकली तं ऑटोनं, पण आठाच्या आत दारात. हात धुत होती का — कोपरापर्यंत धुत होती, साबण संपला तं मलेच बोलत होती. कूस बदलत होती, पाठ पाहत होती. अकरा महिने माणूस पलंगावर, पण ह्यायच्या पाठीले एक फोड नाई आला — हे लिहा तुमी, हे पयलं लिहा. पेशंटचं नाव? ते काऊन इचारता, कागदावर असन ना तुमच्या. वामनराव. मी आजपर्यंत कधी नाव घेत नवती — घेतलं पहा. जाऊ द्या. आता कोण रागावते.

नार्नूरचे ना तुमी? मंग बरं, मराठी समजते. तुमची ही घरोघरी पेशंट पाहाले बाया पाठवाची कंपनी आधी लहान होती, निर्मलच्या एका डॉक्टरची, तवा असं कोणी तपासाले येत नवतं. हैदराबादवाल्यांत मिळाली अन् हे फारम आले, सवाल आले, शिक्के आले. चांगलंच हाये. तक्रार माह्या पोरानं केली, नरसिंगनं, हैदराबादले असते तो. त्याचं म्हणणं — बाबाले घास अडकला तवा मीनाक्षी घरात नवती, अन् आईले तिनं काई शिकवलंच नवतं. म्हणून तिले तुमी घरी बसवलं. महिना होत आला. सासूसंगं कापूस येचाले जाते म्हणे आता, ज्या हातानं... जाऊ द्या. अन् तुमचा हाच सवाल हाये ना — घरच्या माणसाले जेवू घालाचं शिकवलं होतं का. मी नाई म्हटलं तं तिची नोकरी कायमची गेली. समजते मले. तं लिहा — भिंतीवर कागद लावला होता तिनं, तो पहा, अजून हाये. पण तेलुगूत हाये. मी मराठी शाळेची, चवथीपर्यंतची. तेलुगू बोलते, बाजारात कोणाले ऐकत नाई, पण वाचता नाई येत मले. आता नाई येत तं नाई येत. यात खोटं काई नाई.

ह्यायले येत होतं वाचता. कलेक्टर हापिसात होते ना, रिकार्डाले. एका जिल्ह्याचे चार झाले, तवा साऱ्या मिसली, म्हंजे फायली, वेगळ्या कराचं काम ह्यायच्याच गळ्यात — बेज्जूरच्या आसिफाबादले, ह्या निर्मलले, ह्या मंचिर्यालले. तीन महिने धूळ खाल्ली. गेल्या सालच्या दसऱ्याले नवे जिल्हे सुरू झाले अन् दिवाळीच्या आधी हे पडले. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं, गिळणं गेलं. कोणी म्हणे कामानं, कोणी म्हणे बीपीनं. मी काई म्हणत नाई.

औंदाच्या दसऱ्याचं सांगू? सांगते, इचारलंच हाये तं. मी मीनाक्षीले म्हटलं, जा बाई, गल्लीत चार घरी सोनं देऊन ये, माह्यानं चालणं होत नाई. ती म्हणे, काकू, आधी त्यायचं खाणं आटपते. मी म्हटलं, जा तू, मी पाहते. — पाठवलं मीच, हो. ती आपल्या मनानं नाई गेली. पलंगाचं डोकं तिनं वर करून ठेवलं होतं, मी ते खाली घेतलं, ह्यायले तसं बरं वाटे. पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या. सणाच्या दिवशी ह्यायच्या आधी मी कधी जेवली नाई, एकोणचाळीस वर्षं. अन् अकरा महिन्यांपासून हे काय खात होते — घट्ट पेज, मोजून, चमच्यानं, तिच्या हातानं. तिच्यापाशी तोंड उघडत. मी चमचा नेला की ओठ मिटून घेत. मले राग होता त्या पोरीचा. तिनं काई केलं नवतं, तरी होता. त्या दिवशी पोळी तुपात कुस्करली, मोठा घास केला — अन् ह्यायनं तोंड उघडलं. दुसरा बी घेतला. हसले बी, अर्ध्या तोंडानं. पयला घास गालातच होता, तरी मी तिसरा देल्ला. मंग खोकला आला. मंग तो बी येईना. तेवढ्यात मीनाक्षी आली, तिनं उठवून बसवलं, पाठीत मारलं, तोंडातलं काढलं. पण छातीत गेलं होतं. आठ दिवस दवाखान्यात होते, अन् गेले.

लिहाचे थांबले काऊन तुमी? गालात — हो, गालात पाहाचं असते. मले कसं माहीत म्हणता? पाचवं तेच हाये ना. डोकं वर. मान खाली. घास लहान, चमच्याच्या टोकावर मावन तेवढा. गिळला का पाहाचं, गळ्यावरून. गाल रिकामा झाल्याबिगर दुसरा नाई. खाल्ल्यावर अर्धा घंटा निजवाचं नाई. रोज सांगत होती ती मले, मराठीत, अन् माह्याकडून म्हणवून घेत होती. मी भाजी निवडत निवडत म्हणत होती. अकरा महिने. पाठ हाये मले सारं...

बोलून गेली पहा मी. मले वाटत होतं, कोणापाशी बोललं तं आतमधी काई होईन — रडू येईन, नाई तं भेव वाटन. काईच नाई. बसली हाये तशीच बसली हाये.

लिहा तुमी. शिकवलं होतं म्हणून लिहा, पोरीची काई चुकी नाई म्हणून लिहा. सही मी मराठीत करते, चालन ना? — हे घ्या. तिले उद्याच कामावर बोलवा. एक इचारू? हे नरसिंगले आजच कळवान का तुमी? शुक्रवारी येऊन राह्यला तो, बापाचं महिन्याचं कराले. त्याले शनवारी कळवा. शुक्रवारचं एक डाव जेवू द्या त्याले माह्या हातचं. मंग कळवा. या तुमी आता.