आभाळातून बघायचं नाही

सॉल्वेग : उठतोस, की तिथेच खुंट होऊन राहणार आहेस?

आर्लन : उठतोय गं. डावा गुडघा तयार आहे, उजव्याचं अजून ठरत नाहीये. हात दे.

सॉल्वेग : रक्त दिसलं?

आर्लन : दिसलं. चष्मा पुसून बघितलं तर झुडपाचं लाल पान निघालं. त्याच्याआधी ज्याच्यामागे रांगत होतो, तेही पानच असणार. तुझा भाऊ दुपारभर झाडाची शिकार करतोय.

सॉल्वेग : आणि खरं रक्त कुठवर होतं?

आर्लन : त्या पडलेल्या पाइनपर्यंत. तिथून पुढे बर्फ भुरभुरायला लागलं आणि सगळं पुसलं गेलं. गोळी मागे लागलीय, सॉल्वेग. पोटात. एवढा थोरला एल्क हरणाचा नर, समोर आडवा उभा, आणि मी घाई केली. पोरांना सांगत फिरतो, घाई करू नका म्हणून.

सॉल्वेग : पोटात लागलेला किती वेळ काढतो?

आर्लन : तुला माहीत आहे.

सॉल्वेग : आहे. तुझ्या तोंडून ऐकायचंय.

आर्लन : रात्रभर. कधी उद्यापर्यंतही. त्याआधी कोयोटे कोल्हे पोचले तर तो मरायची वाट ते बघत नाहीत.

सॉल्वेग : कॉफी घे.

आर्लन : पिकअपमध्ये ती काळी पेटी आणलीयस.

सॉल्वेग : ती गाडीतच असते. गाय रानात गेली की ड्रोन सोडते वर. अंगाच्या उबेवरून दिसतं जनावर.

आर्लन : मी काही विचारलं नाही.

सॉल्वेग : मीही काही सुचवलं नाही.

आर्लन : त्या दिवशी सभेत मात्र तू विचारलं होतंस.

सॉल्वेग : जाऊ दे ते.

आर्लन : कसं जाऊ देऊ? अख्खं खोरं शाळेच्या हॉलमध्ये जमलेलं. शिकार मंडळाचे लोक समोर बसलेले. मी छाती काढून सांगितलं, न्याहारीच्या वेळी ड्रोनने हरीण हेरायचं आणि जेवायच्या आत मारायचं, ही शिकार नव्हे, ही खाणावळ झाली. ते अजूनही मला पटतं. पण मग तू उठलीस. किती हळू बोललीस, माइकवाल्याला दोनदा विचारावं लागलं. म्हणालीस, हेरायला बंदी करा, पण जखमी झालेलं शोधायला तरी मुभा ठेवा.

सॉल्वेग : आणि तू म्हणालास…

आर्लन : ज्याला गुडघ्यांवर बसून माग काढता येत नाही, त्याने बंदुकीला हात लावू नये.

सॉल्वेग : टाळ्या फार पडल्या होत्या.

आर्लन : पेपरात छापून आलं. कात्रण मीच फ्रिजवर लावलं. रोज दुधासाठी फ्रिज उघडताना स्वतःचंच सुभाषित वाचतो. आणि तुझी मुभा गेली. हंगामात आभाळातून जनावर बघायचं नाही, कुठल्याच कारणाने नाही. माझ्याच शब्दांत लिहिलाय नियम. घरी येताना गाडीत तू एक शब्द बोलली नव्हतीस.

सॉल्वेग : तेव्हा मनात प्रार्थना म्हणत होते. नाहीतर तुला वाटेत उतरवलं असतं.

आर्लन : सॉल्वेग, उडवशील का?

सॉल्वेग : चोरून नाही.

आर्लन : इथे कोण बघतंय?

सॉल्वेग : तेच तर. कुणी बघत नसताना करायचं, तर त्या न्याहारीवाल्यात आणि आपल्यात फरक काय राहिला? टेसला फोन कर.

आर्लन : टेस शिकार खात्याची वॉर्डन आहे. वॉर्डनला सांगून गुन्हा करायचा? पकडून देतेस की काय मला?

सॉल्वेग : तुझा परवाना जाईल. काही वर्षं मिळणार नाही, ठाऊक आहे मला.

आर्लन : नुसता माझा असता तर मी आत्ताच फोन लावला असता. लिव्हला कबूल केलंय ना मी. पुढच्या हंगामात तिची पहिली शिकार, आजोबाबरोबर. पोरीने आत्तापासून नवे बूट घालून मऊ करायला घेतलेत.

सॉल्वेग : बापाबरोबर जाईल.

आर्लन : तिच्या बापाला एल्क आणि टपालपेटी यातला फरक लांबून कळत नाही. आणि माझ्या वयाला काही वर्षं म्हणजे कायमचंच.

सॉल्वेग : हो. म्हणून तूच ठरव. मी पेटी उघडणार नाही, तू सांगेपर्यंत. पण तो त्या झाडीत कुठेतरी बसलाय, आर्लन. आपण बोलतोय तेवढा वेळ तो बसूनच आहे.

आर्लन : आण तो फोन.

(फोनचा आवाज मोठा करून पिकअपच्या टपावर ठेवलेला.)

टेस : बोला, मिस्टर टोफ्ट.

आर्लन : एक तक्रार नोंदवायची होती.

टेस : कुणाविरुद्ध?

आर्लन : आर्लन टोफ्टविरुद्ध.

टेस : काय केलंय त्यांनी?

आर्लन : अजून काही नाही. थोड्या वेळात करणार आहेत. जखमी नर आहे, बर्फाने माग गेलाय. ड्रोन वर सोडतोय.

टेस : गुंडरसनचा माग काढणारा कुत्रा? तो चालतो नियमात.

आर्लन : विचारलं. खोऱ्याच्या पार पलीकडे आहे. तो येईपर्यंत अंधार.

टेस : मिस्टर टोफ्ट, मी हो म्हणू शकत नाही.

आर्लन : म्हणू नकोस. परवानगी मागत नाहीये.

टेस : आले की मला लिहावंच लागेल. परवाना जाईल, बंदूक घ्यावी लागेल, ड्रोनसुद्धा.

आर्लन : ड्रोन माझ्या नावावर लिही. बहिणीला यात घेऊ नकोस. वादळात तिची वासरं त्या यंत्रावरच सापडतात.

सॉल्वेग : टेस, मी सॉल्वेग. उडवणार मी आहे. माझंही नाव लिही, खोटं लिहू नकोस.

टेस : त्या सभेत मी टाळ्या वाजवल्या होत्या.

आर्लन : मीही वाजवल्या असत्या. हात माइकमध्ये अडकले होते.

टेस : लाकूड वाहायच्या जुन्या वाटेच्या तोंडाशी येते. नीट चाला. तुमचे गुडघे माहीत आहेत मला.

सॉल्वेग : ठेवला तिने. उडवू?

आर्लन : उडव.

सॉल्वेग : हे बघ पडद्यावर. ही दोन पांढरी माणसं म्हणजे आपण. गाडीचं इंजिन. आता ओढ्याकडे नेते. खडक… खडक… तो बघ.

आर्लन : अगं, हा तर त्या पाइनच्या पलीकडे आहे. मी शेजारून गेलो त्याच्या.

सॉल्वेग : रांगत गेलास.

आर्लन : पान हुंगत. मान वर आहे त्याची. सॉल्वेग, तो सगळा वेळ बघत असणार माझ्याकडे.

सॉल्वेग : जा आता. फोन खिशात चालू ठेव, मी इथून सांगते.

आर्लन : ऐकू येतंय?

सॉल्वेग : येतंय. उजवीकडे. अजून. पाइनला वळसा घाल, वारा त्याच्याकडून तुझ्याकडे आहे. सावकाश.

आर्लन : फांद्या दिसतात नुसत्या.

सॉल्वेग : त्या फांद्या नाहीत. शिंगं आहेत. थांब.

आर्लन : दिसला.

सॉल्वेग : उठतोय का?

आर्लन : नाही. उठवत नाहीये त्याला. पडद्याकडे बघू नकोस आता.

सॉल्वेग : नाही बघत.

सॉल्वेग : आर्लन?

सॉल्वेग : आर्लन, गोळी ऐकली मी. बोल काहीतरी.

आर्लन : झालं. लगेच झालं. टोपी काढून बसलोय त्याच्याजवळ. तू तिकडून म्हण तुझी प्रार्थना, मला शब्द आठवत नाहीयेत.

सॉल्वेग : म्हटली. यंत्र खाली घेऊ?

आर्लन : नको, राहू दे वरच. दिवा लाव त्याचा. टेसला कळायला हवं, कुठे यायचं ते.