दंडारीची ढोलकी अन् ब्राझीलचा सांबा

मले हट्टी म्हणता ना तुमी? हौ, आहोच मी हट्टी. आयका.

आमच्या बालाघाटच्या एका कॉलेजात देशोदेशीच्या नाचाचा कार्यक्रम होता. मी गावच्या दंडारीत, म्हंजे आमच्या लोकनाचात, ढोलकी वाजवतो. आमच्याबी नाचाले दहा मिनिटं द्या म्हणून प्राचार्याकडं गेलतो, तं ते म्हणे, "ये देहाती नाच यहाँ नहीं चलेगा."

कार्यक्रमाच्या दिवशी मी मुद्दाम ढोलकी घेऊन पह्यल्या रांगेत बसलो. प्राचार्यानं माइकवर ब्राझीलच्या सांबा नाचावर भाषण ठोकलं. "वहाँ गरीब बस्तियों का नाच पूरे देश की पहचान बन गया!" टाळ्या पडल्या. डोक्याले पिसं लावलेल्या पोरी स्टेजवर आल्या, अन् गाणंच सुरू होईना. पेन ड्राइव्ह बिघडला होता.

प्राचार्य धावत माह्याकडं आले. "भैया, ढोलकी बजा दो."

म्या म्हटलं, "वाजवतो ना. पण पह्यले माइकवर सांगा, ही कायची ढोलकी हाय."

त्यायनं घाम पुसला अन् माइक हातात घेतला. "ये... दंडार की ढोलक है."

"देहाती?"

"नहीं, हमारी पहचान," ते हळूच बोलले.

म्या म्हटलं, "माइक तोंडाजवळ घ्या साहेब. मांगच्यायले आयकू नाही आलं."