शेजारचं पोर गुडुप

...गुडुप! शब्द तरी बघा काय वापरतो माणूस. गुडुप! "आमचा ना, पाठ टेकली की गुडुप, तो एकदम सकाळीच!" असं म्हणतो आणि वर दाताने दोरा तोडतो. कोण म्हणून काय विचारता, समोरचा शिंपी! आमच्या दारासमोर त्याचं दार, मधे फक्त जिना. त्याचा मुलगा आणि आमची ठकू एकाच आठवड्यातले, एकाच दवाखान्यात जन्मलेले, पाळण्यांच्या एकाच रांगेत शेजारी शेजारी ठेवलेले, आणि आता वर्ष उलटल्यावर त्याचा गुडुप, आणि आमची? आमची टक्क! रात्रभर टक्क! कधीकधी मला वाटतं, त्या रांगेत काही अदलाबदल तर... पण नाही, नाक माझंच आहे तिचं, तिथे बोलायला जागा नाही. बरं, झोपतो ना तुझा पोरगा? झोपू दे. आनंद आहे. पण सांगायचं कशाला? मी विचारलं होतं? मी नुसतं दूध घ्यायला दार उघडलं होतं हो!

जळत नाहीये मी. नुसतं सांगतोय.

आणि मी काम कुठे करतो माहितीये? गाद्यांच्या दुकानात! हसा, हसा, सगळेच हसतात. दिवसभर माझ्या तोंडात एकच वाक्य, "पडून बघा साहेब, निवांत पडून बघा, संकोच करू नका." आणि लोक पडतात की हो! बूट काढतात, आडवे होतात, पाय ताणतात, गादीवरचं प्लास्टिक करकर वाजतं आणि तोंडातून असा एक "हाऽऽ" निघतो ना, की मला वाटतं आत्ताच्या आत्ता ह्याला ढकलावं आणि त्याच्या जागी आपण पडावं. परवा एक काकू आल्या, बरोबर काका. काकू कुशीवर वळल्या, "जरा कडक आहे का हो?" एवढं विचारलं, आणि मी "नाही, नाही" म्हणेपर्यंत घोरायला लागल्या! खोटं नाही सांगत, घोरायला! काका म्हणाले, "उठवू नका हो, फार दिवसांनी लागलाय डोळा." म्हणून काका बिचारे शेजारच्या गादीवर बसले, मग टेकले, मग... तेही गेले! मालकांना सांगायला गेलो तर मालक म्हणतात, "राहू दे, राहू दे, हीच आपली जाहिरात." आणि मी त्या दोघांच्या मधे उभा, हातात मापाची टेप, डोळे मिटू नयेत म्हणून स्वतःलाच चिमटे काढत. गादी घेतली का म्हणाल तर नाही घेतली. उठले, म्हणाले, "बघतो, विचार करतो," आणि गेले. फुकटची झोप काढून गेले! पण मी जळत नाहीये.

हां, तर ठकू. ठकू अंगावर पिते. म्हणजे प्यायची. दिवसा तक्रार नाही, दिवसा कुस्करलेलं केळं काय, मऊ भात काय, माझ्या चपलेचा पट्टा काय, सगळं खाते. पण रात्र झाली की फक्त आई. उठली की आई, कूस बदलली की आई, स्वप्नात काऊ दिसला तरी आई. आणि आमच्या हिला सकाळी चष्म्याच्या दुकानात काचा बसवायला जायचं असतं. बारीक काम, नजरेचं काम. झोपच नाही म्हटल्यावर काय होणार? बसवली एका गृहस्थांची डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे! गृहस्थ दोन दिवस भिंती चाचपत फिरले, मग तक्रार घेऊन आले. हिच्या मालकीणबाईंनी हिला बाजूला घेऊन सांगितलं, "परत असं झालं तर मला दुसरं कोणीतरी बघावं लागेल हं." ही घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडली. नळ सोडला की मला ऐकू येत नाही असं वाटतं तिला.

तेव्हा उपाय करणं भागच होतं. पण तुम्हाला सांगतो, खरं सांगतो, माझ्या पोटात दुखत होतं ते वेगळंच. ठकूला शब्द यायला लागले होते. आई म्हणते. काऊ म्हणते. भूभू म्हणते. शिट्टी झाली की कुकरला "शूऽ" म्हणते. आणि त्या शिंप्याला, ज्याने पोरीला आयुष्यात एक चिंधीची बाहुली दिली, तीही माझ्याच शर्टाच्या उरलेल्या कापडाची, त्याला काय म्हणते? "मामा!" स्पष्ट! खणखणीत! आणि मला? काही नाही. मला शब्दच नाही! मी रोज समोर बसतो, "ठकू, बाबा म्हण. बा-बा. सोप्पं आहे गं, ओठ मिटायचे नि उघडायचे." ती माझ्याकडे नीट बघते, विचार करते, आणि म्हणते, "काऊ." कुकरला शब्द आहे हो! कुकरला! मी काय कुकरपेक्षा कमी राबतो?

असो. गेलो आम्ही डॉक्टरीणबाईंकडे. बाई एकदम शांत. म्हणाल्या, "दिवसा पोटभर खाते ना? वजन छान आहे. मग आता रात्रीची ही भूक नाही, सवय आहे. हळूहळू अंगावरचं तोडायचं. घाई नाही, रागावणं नाही. आईने दुसऱ्या खोलीत झोपायचं, रात्र बाबांनी अंगावर घ्यायची." आता मी तिथे बसलो होतो खुर्चीवर, पंखा वर मस्त फिरत होता, आणि बाईंचा आवाज इतका मऊ, इतका मऊ... माझी मान गेली. कबूल, गेली. मधलं काही कानावर आलं, काही नाही आलं. जाग आली तेव्हा बाई म्हणत होत्या, "...आणि आईचा वापरलेला कपडा असू द्या, वासाने शांत राहतं मूल." आता तुम्हीच सांगा, "अंगावर घ्या" आणि "आईचा कपडा", एवढंच ज्याला ऐकू आलं तो काय समजेल? मी समजलो तेच कोणीही समजलं असतं!

मी त्या रात्री हिचा गाउन घातला.

हसू नका. पिवळ्या फुलांचा. वर एक बटण नाही, घोट्याच्या बराच वर येतो, आणि खांदे असे आवळतात की हात वर केला तर प्राण जातो. ही म्हणाली, "अरे, उशाशी ठेवायचा असेल तो!" मी म्हटलं, "तू झोप. डॉक्टर तू आहेस का?" गेली ती दुसऱ्या खोलीत. ठकू उठली. मी गाउनमधे. तिने वास घेतला, खूश, चढली अंगावर, चेहरा खुपसला, शोधलं, इकडे शोधलं, तिकडे शोधलं, मग मान वर करून माझ्या मिशीकडे बघितलं, आणि जी किंकाळी फोडली म्हणून सांगू! खालच्या मजल्यावरचे दिवे लागले. मी उभा राहिलो, खांद्यावर घेतली, पेल्याने घोटभर पाणी दिलं, ते तिने माझ्याच गळ्यात ओतलं. फेऱ्या घातल्या, थोपटलं, पुटपुटलो, "मी आहे ना गं, मी आहे ना." ती रडत म्हणत होती, "आई... आई..." आणि एकदा मधेच "मामा!" अगं, मामा कशाला पाहिजे तुला आत्ता?

मग आठवलं, शिंपी म्हणाला होता, त्याचा पोरगा शिलाई मशीनच्या आवाजात झोपतो. तो रात्री काम करत बसतो, मशीन खर्रर्र, पोरगं गुडुप. माझ्याकडे मशीन नाही. म्हणून मी तोंडाने चालवलं. "खर्रर्रर्र... खर्रर्रर्र..." ठकू रडायची थांबली. मी आणखी जोरात, "खर्रर्रर्रर्र!" ठकूने टाळ्या वाजवल्या! ताठ उठून बसली, माझ्या ओठांवर बोट ठेवून, परत चालव म्हणून खुणा करायला लागली. उजाडेपर्यंत मी दोन पडदे आणि एक झबलं शिवल्याएवढं मशीन चालवलंय तोंडाने. शेवटी दमली आणि गाउनची बाही मुठीत धरून झोपली. माझा हात नाही धरला. बाही धरली!

आणि त्या अवस्थेत दार वाजलं, मी गेलो दूध घ्यायला, डोळे अर्धे मिटलेले. समोरचं दार उघडं, शिंपी दिव्याखाली मान घालून काज करतोय. मान खालीच ठेवून म्हणाला, "वहिनी, आज लवकर?" मी म्हटलं, "हो." त्या "हो"वर त्याने मान वर केली. मी त्याच्याकडे बघतोय, तो पिवळ्या फुलांकडे बघतोय. आणि शिंपी तो शिंपीच, दुसरं काही सुचलं नाही त्याला, म्हणाला, "खांद्यात आवळतोय. तुमच्या मापाचा शिवून देऊ का?"

असं चाललं. रोज रात्री थोडं कमी रडायची, पण झोपायची ती गाउनवर. मी नुसता आत भरलेला कापूस. एकदा हळूच गाउन काढून बाजूला ठेवला नि तिला जवळ घेतलं, तर तिने मला ढकललं आणि सरपटत गाउनवर जाऊन झोपली. गाउनवर जळायची वेळ आली हो माणसावर! आणि पलीकडच्या खोलीतून काय ऐकू येतंय? घोरणं! आमची ही, जी म्हणते मी कधी घोरत नाही, ती अशी घोरतेय, अगदी दुकानातल्या काकूंसारखी. सकाळी उठते, गाल कसे फुललेले, आळोखेपिळोखे देत विचारते, "झोपलास का रे?"

जळत नाहीये मी!

पण एके दिवशी ती तशी नाही आली. दारातच उभी राहिली. म्हणाली, "काल रडली का रे? माझं नाव घेतलं?" आता खरं सांगायचं तर आदल्या रात्री ठकूने एकदाही आई म्हटलं नव्हतं. उठली, पाणी प्यायली, गाउन धरला, झोपली. मला तर वाटत होतं पेढे वाटावेत. पण ही दारात अशी उभी होती, एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं मोडत, आणि मला त्या न्हाणीघरातल्या नळाचा आवाज आठवला. मी म्हटलं, "तर काय! सारखं तुझंच नाव. जीव नकोसा केला." ती हसली. डोळे पुसत हसली. म्हणाली, "तुझी मजा आहे बाबा. रात्रभर तुझ्याजवळ असते." म्हणजे बघा! मी हिच्यावर जळतोय आणि ही माझ्यावर! म्हणजे मी जळत नाहीये, पण समजा जळत असतो तर.

आणि मग झाला घात. गाउन काखेत टर्रकन उसवला. हिने नेऊन दिला समोर. संध्याकाळी मी मागायला गेलो तर शिंपी म्हणतो, "उद्या देतो." मी म्हटलं, "मला आज रात्री घालायचाय!" त्याच्याकडे दोन गिऱ्हाइकं बसली होती, दोघंही माझ्याकडे बघायला लागली. तो म्हणाला, "खोललाय सगळा, उद्या."

रात्र झाली. गाउन नाही, काही नाही. मी माझा जुना बनियन घालून उताणा पडलो, मनात म्हटलं, आज संपलं, आज ही उठून येणार, ठकूला जवळ घेणार, सगळं पहिल्यापासून, आणि उद्या परत कोणाच्या तरी डाव्या डोळ्याला उजवी काच. ठकू उठली. अंधारात चाचपलं. बाही नाही, फुलं नाहीत. रडायला तोंड उघडलं तिने... मग माझ्या पोटावर हात ठेवला. दाबून बघितलं. परत दाबलं, गिऱ्हाईक दाबतं ना, तस्सं! मग चढली वर, कुशीवर वळली, गाल टेकला, आणि तुम्हाला सांगतो, तोच "हाऽऽ" सोडला. माझ्यावर! गाउनवर नाही, आईवर नाही, माझ्यावर! मला इतकं भरून आलं की काय सांगू, पण हुंदका तरी द्यायचा कसा? पोट हललं असतं.

आणि झोपता झोपता माझ्या पोटावर दोन थापट्या मारून बोलली. मला शब्द दिला. पहिला. स्पष्ट, खणखणीत.

"गादी!"

हो. गादी. घरी येऊन मी हिला दुसरं काय सांगतो, कोणती गादी खपली, कोणती खपली नाही, पोरीने ऐकलं असणार. आता दिवसासुद्धा मी दारात दिसलो की हात वर करून धावत येते, "गादी! गादी!" शेजारी हसतात. हसू देत. काऊनंतर, भूभूनंतर, कुकरनंतर का होईना, लागला नंबर.

काल शिंपी भेटला जिन्यात. गाउन घेऊन आला होता, खांद्यात सैल करून. म्हणाला, "आता लागणार नाही वाटतं? कशी झोपते ठकू?" मी हातातली पिशवी खाली ठेवली. इतक्या महिन्यांची वाट होती हो ती! छाती फुगवली आणि म्हटलं, "गुडुप! अंगावर घेतली की गुडुप, ती एकदम सकाळीच! तिकडे आई गुडुप, इकडे पोरगी गुडुप!"

"वा!" म्हणाला तो. "म्हणजे आता तुम्हीही निवांत झोपत असाल?"

मी? अहो, हलायची सोय नाही, कुशीवर वळायची सोय नाही, शिंक आली तर नाक दाबून धरतो... गादीवर सगळे झोपतात हो. गादीला झोपलेली पाहिलंय का कधी कोणी?