अक्काचं बघणं आणि अण्णाचं इंजिन

आमच्या अक्काचं लग्न कसं ठरलं, ते सांगितलंय का कधी? साठच्या सुमाराची गोष्ट. आम्ही तेव्हा जयनगरात राहायचो. अण्णानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, मोटारीचं अख्खं इंजिन खोलून घरीच पुन्हा बांधलं होतं. तेव्हापासून गाडी फटाके फोडत, गचके खात चालायची. प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला, पण फरक शून्य!

अशात अक्काला बघायला मुलगा आला आणि तो निघाला इंजिनियर. अण्णानं त्याला फाटकातूनच बॉनेटकडे ओढलं. "स्वल्प बघा हो!" झालं! चालू इंजिनाची एकेक प्लगवायर काढून बघताना दोघंही आळीपाळीनं शॉक खाऊन "अय्यो!" करून ओरडत होते. आत पोहे गार.

शेवटी अक्काच रेशमी साडीचा पदर खोचून बाहेर आली. "अण्णा, मधल्या दोन वायरी उलट्या लावल्यास. जोडतानाच सांगत होते!"

वायरींची अदलाबदल केली आणि इंजिन शिलाई मशीनसारखं एकसुरात चालायला लागलं.

ग्रीस माखलेल्या तोंडानं मुलगा आत आला. त्याच्या आईनं विचारलं, "अरे, मुलगी बघितलीस का?"

"नीट नाही बघितली," तो म्हणाला, "पण तू हो म्हणून टाक!"