थोरली कशी धरायची

शोभावहिनी, सायखेड्याहून आलेली सगळी मंडळी, आणि आज शटर ओढून इथे आलेले द्वारका चौकातले नानांचे दुकानदार मित्रहो,

मी बातमीदार. शोकसभांच्या बातम्या पुष्कळ लिहिल्या. ‘अनेकांनी मनोगत व्यक्त केले’ हे वाक्य तर झोपेतही लिहीन. त्या अनेकांपैकी एक होणं काय असतं, हे मात्र आज कळतंय.

आधी एक सांगून टाकतो. बाहेर चपला काढताना दोघांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं. तर, नाना तलवार लागून गेले नाहीत. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्यांचं हृदय थांबलं. इतक्या वर्षांत घरातल्या भिंतीवरच्या एकाही तलवारीने त्यांना ओरखडा काढला नाही. त्यांनी काढू दिला नाही.

नानांचं दुकान ट्रकच्या पाट्यांचं. गाडीखाली असतात ते, कमानीचे. एकदा वहिनींना घेऊन ते नेपाळला देवदर्शनाला गेले आणि देव राहिला बाजूला. डोंगरातल्या एका गावात लोहाराच्या भट्टीपुढे बसून राहिले. तो लोहार ट्रकचा मोडका पाटा तापवून, घणाने ठोकून त्यातून तलवार काढत होता. परत आल्यावर मला म्हणाले, “शास्त्री, मी जन्मभर पाटे इकले. त्याच्या पोटात हे असतं, हे मला कोनी सांगितलं नाय.”

तिथून सुरुवात झाली. पहिली आली, मग दुसरी. परवान्याच्या कामासाठी पोलीस ठाण्यात गेले की साहेब विचारायचे, “नाना, ह्याचं तुम्ही करणार काय?” नाना गंभीर चेहऱ्याने सांगायचे, “तेल लावणार.” आणि खरंच, तेवढंच केलं.

भिंतीवर तलवारी पाच. पण आपल्याला ठाऊक असलेली एकच, थोरली. मुठीशी अरुंद, टोकाकडे परातीसारखी रुंदावत जाणारी. सगळं वजन पुढे. हातात घेतली की ती आपल्याला ओढत नेते. पात्यावर त्या लोहाराने एक डोळा कोरलाय. त्याला पापणी नाही. वहिनी तिला ‘माझी सवत’ म्हणायच्या, आणि झाडताना तिच्याकडे पाठ करायच्या नाहीत.

आणि मी? मी त्र्यंबकच्या पाठशाळेत शिकलो, म्हणून नानांचा ‘शास्त्री’. असि, खड्ग, करवाल, कृपाण, मंडलाग्र, तलवारीचे शब्द मला घडाघडा येतात. पहिल्यांदा नानांनी थोरली पुढे केली तेव्हा मी एकामागून एक सगळे म्हणून दाखवले. नाना म्हणाले, “शब्द लय हायेत रे तुझ्याकडं. हात मागं का घेतोस मग?”

मित्रहो, मी घाबरत होतो. आजही घाबरतो. त्या घरात चहा प्यायला मी नेहमी भिंतीपासून लांबची खुर्ची धरायचो. आणि तरी नाना मलाच बोलवायचे. त्यांचा नियम होता, पातं काढताना समोर दुसरं माणूस पाहिजे, एका हाताच्या अंतरापलीकडे. पातं बाहेर असेपर्यंत कोणी बोलायचं नाही. एकाने काढायचं, दुसऱ्याने बघायचं. बघणारा मी.

एकदा वैतागून मी म्हटलं, “नाना, दुसरा कोणी बघा ना. ह्या शस्त्रांशी माझं काय घेणंदेणं?”

तेव्हा ते म्हणाले, “घाबरतो तर घाबर. पन ऐकतो का नाय, ते सांग. न घाबरनाऱ्याच्या हातात मी इळासुद्धा देनार नाय.”

मग त्यांनी मला म्यान दाखवलं. आत लाकडाच्या दोन फळ्या, वरून चामडं, आणि शिवण नेमकी धारेच्या बाजूला. “पावसाळ्यात चामडं ओल पितं,” नाना म्हणाले. “लाकूड फुगतं, शिवन उसवते. बाहेरून कळत नाय. म्यान मुठीत धरायचं नाय, शास्त्री. पाठीकडून धरायचं. अंगठा एका अंगाला, बोटं दुसऱ्या अंगाला. धारेवरून एक बोट जाता कामा नये. मुठीत धरून उपसलीस तर म्यान ऱ्हाईल हातात आणि बोटं पडतील खाली.”

हे ऐकल्यापासून मी घरी भाजीची सुरीसुद्धा पाठीकडून उचलतो. बायको हसते. हसू दे.

आता गेल्या रविवारचं सांगतो. वहिनींचा फोन आला. “भाऊजी, रात्रीची झोप लागत नाही हो. ती वरून बघते असं वाटतं. उतरवून न्या. नाना असते तर पावसाळ्यानंतरचं तेल झालं असतं, यंदा कोणी हातच लावला नाही.”

मी गेलो. जाताना वाटेत दोनदा स्कूटर थांबवली, तीही उगाचच. पोचलो तर जावई, प्रशांतराव, आधीच स्टुलावर. प्रशांतराव, तुम्ही इथेच बसला आहात, तुमची परवानगी घेऊनच बोलतोय. ते म्हणाले, “काका, तुम्ही नुसते उभे राहा. दोन मिनिटांचं काम आहे. गंजली नाही ना, तेवढं बघतो आणि बांधून देतो.”

थोरली खाली आली. त्यांनी डाव्या मुठीत म्यान आवळलं. चित्रातला सरदार धरतो तसं, आपण सगळेच धरू तसं. उजवा हात तलवारीच्या मुठीवर गेला.

मंडळी, मी ओरडलो. माझ्या घशातून असा आवाज निघतो हे मला माहीत नव्हतं. “थांबा! बोटं सोडा! आधी बोटं सोडा!”

प्रशांतराव तसेच गोठले. शेजारचे दारात आले. वहिनींनी डोळ्यांवर पदर घेतला. मग प्रशांतरावांनी एकेक बोट उचललं. सावकाश. तळव्याखाली शिवण हातभर उसवली होती, आणि त्या फटीतून धार दिसत होती. धार नानांच्या हातची. तिच्यावर गंजाचा ठिपकाही नव्हता.

नानांच्या घरात पहिल्यांदाच पातं आत असताना सगळे गप्प होते.

मग प्रशांतराव खाली बसले, दोन्ही पंजे मांडीवर उघडे ठेवून. म्हणाले, “काका, नानांनी मला कधी दाखवलं नाही.” वहिनी म्हणाल्या, “तुम्ही घाबरला नाहीत ना कधी. म्हणून.”

थोरली आता माझ्याकडे आहे. वहिनींनी दिली, माझ्या नावाच्या परवान्याचा अर्ज प्रशांतरावांनी भरलाय, तोवर ठाण्याला कळवून ठेवलंय. उसवलेल्या म्यानात ती जास्त दिवस ठेवता येणार नाही. काढावी लागेल. मीच काढणार, आज संध्याकाळी, इथून गेल्यावर. बघणारा माणूस आता कुठून आणू? तो तर फोटोत बसलाय, हार घालून.

मघाशी दारात प्रशांतराव भेटले. म्हणाले, “काका, समोर मी उभा राहतो. पण मला भीती वाटतेय.” मी म्हटलं, “मग या.”

आता आपण सगळे उभं राहू या. नानांच्या खोलीत राहायचो तसं, पातं बाहेर असल्यासारखं. कोणी बोलायचं नाही, कोणी हलायचं नाही, नुसतं बघायचं.

नाना, मी घाबरलोय. ऐकतोय.