बारा जांभळे मणी

सिन्याती : आणि हा, सासूबाई? हा कुठल्या वाटीत टाकू?

नोंगिपा : निळ्या-जांभळ्यांच्या. त्यात विचारायचं काय? भट्टीतून उतरलेला पक्का खडा आहे तो.

सिन्याती : उन्हाकडे धरून बघा ना जरा.

नोंगिपा : मला उन्हाकडे धरायला शिकवतेस? तीस वर्षं या झाडाखाली पूर्वेकडे तोंड करून बसतेय मी. दिव्यात मणी जांभळा पडतो, उन्हात निळा, आणि नवरीच्या हारात घालायचा तो दोन्हीकडे सारखाच खुलून दिसावा लागतो. अरुशा शहरातला दुकानदार माझ्या हातचे मणी पुन्हा तपासत नाही. नोंगिपानं निवडले म्हटलं की सरळ काचेच्या पेटीत. तू या घरात आलीस तेव्हा तुला मण्याचं भोक कुठल्या बाजूला असतं तेसुद्धा ठाऊक नव्हतं.

सिन्याती : नव्हतं खरं. हा तपकिरी आहे.

नोंगिपा : काय?

सिन्याती : कच्चा आहे. भट्टीत तापून जांभळा झालेलाच नाही. कोऱ्या चहासारखा दिसतोय. याच्या आधीचे दोन पण तपकिरीच होते, ते तुम्ही जांभळ्यांत टाकलेत. मीच मिसळून दिले होते.

नोंगिपा : आभाळ आलंय आज.

सिन्याती : ढगाचा ठिपकाही नाही. किलिमांजारोच्या माथ्यावरचं बर्फ इथून दिसतंय. मला दिसतंय. तुम्हाला?

नोंगिपा : कैदाशीण आहेस. सासूची परीक्षा घेतेस?

सिन्याती : घ्यावी लागली. हा डबा घ्या हातात. कच्च्या मण्यांचा. मागच्या महिन्यात तुम्ही स्वतः झाकण लावून ठेवला होतात. यात बारा मणी निळेजांभळे आहेत, सगळे एकाच भट्टीचे.

नोंगिपा : बारा?

सिन्याती : मोजून बारा. दुकानदारानं चाळीस पाठवले होते. तुम्ही निवडलेत, अठ्ठावीस भरले, आणि बोंब ठोकलीत की बारा गेले, ओवायला बसलेल्या नामुन्याकनं लांबवले. तिनं हातही लावला नव्हता. तुम्हाला ते तपकिरी दिसले, म्हणून तुम्हीच इकडे टाकलेत.

नोंगिपा : हळू बोल. शेजारीण शेळ्या सोडतेय.

सिन्याती : शेजारीण तेव्हाही होती. सगळ्याच जमल्या होत्या. तुम्ही पोरीच्या अंगावरचा एकेक दागिना उतरवलात, गळ्यातलं, दंडावरचं, कानातलंसुद्धा, आणि सगळं उपडं करून झाडलंत, परतही दिलं नाहीत. ती रडायला लागली तर म्हणालात, चोराच्या उलट्या बोंबा.

नोंगिपा : पाणी दे. माझ्या मांडीवर खेळलेली पोर ती. पहिला मणी मीच ओवायला दिला होता तिला. तुला हा डबा सापडला कधी?

सिन्याती : दुसऱ्या दिवशी.

नोंगिपा : दुसऱ्या दिवशी? आणि महिनाभर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस?

सिन्याती : मागं एकदा तुमच्या डोळ्यांचा विषय काढला, तर तुम्ही चार दिवस माझ्या लेकरांना दूध दिलं नव्हतं. म्हटलं आधी खात्री करावी. आज झाली.

नोंगिपा : खात्री करत होतीस की संधी बघत होतीस?

सिन्याती : दोन्ही. अरुशाच्या दवाखान्यात मोतीबिंदू काढतात, सासूबाई. सकाळी गेलं तर दुसऱ्या दिवशी घरी.

नोंगिपा : आणि परत आल्यावर गाव विचारेल, डोळे कधीपासून गेले होते गं म्हातारे? मग बोटं मोजतील. मग त्यांना बारा मणी आठवतील. या जागेवर बसते म्हणून मला मान आहे. नवरा गेला, गाई दिरांनी वाटून घेतल्या, राहिलं काय माझ्याकडे? नजर. तीही गेली असं कळलं तर कालची पोरं माझ्या अंगावरून शेळ्या नेतील.

सिन्याती : ती बघा कोण येतेय.

नोंगिपा : कोण ते सांग. उगाच बघा बघा करू नकोस.

सिन्याती : नामुन्याक. एकटीच आहे. हातात गवत आहे तिच्या.

नोंगिपा : गवत?

सिन्याती : हिरवंगार. दोन्ही मुठी भरून.

नोंगिपा : म्हणजे माफी मागायला येतेय. न केलेल्या चोरीची. मूर्ख पोरगी.

सिन्याती : काय करेल बिचारी. तेरात गावाहून तिच्या होणाऱ्या सासरच्यांचा निरोप आलाय. चोरीचं मिटल्याशिवाय ते नवरी न्यायला येणार नाहीत. आणि हातात गवत घेऊन आलेल्याला कुणी परत पाठवत नाही, हे तिलाही माहीत आहे. लवकर सांगा, डबा झाकू की उघडा ठेवू?

नोंगिपा : तू काय करशील?

सिन्याती : तुम्ही सांगाल ते. पण झाकला, तर पहिला पाऊस पडला की या जागेवर मी बसणार. तोवर तुमच्या शेजारी बसून कानात सांगत जाईन, जांभळा कुठला आणि कच्चा कुठला.

नोंगिपा : सापाला दूध पाजलं मी.

सिन्याती : ती कुंपणापाशी आलीय, सासूबाई.

नोंगिपा : झाक.

(नामुन्याक येते. अंगावर एकही दागिना नाही. वाकून डोकं पुढे करते. नोंगिपा डोक्यावर हात ठेवते.)

नामुन्याक : आजी, गवत आणलंय.

नोंगिपा : एवढ्या उन्हाळ्यात हिरवं कुठं मिळालं?

नामुन्याक : काल नदीपर्यंत गेले. पाण्याजवळ थोडं होतं.

सिन्याती : नदी म्हणजे अर्ध्या दिवसाची वाट. बस गं. चहा घेतेस?

नोंगिपा : चहा नंतर. आधी जे बोलायला आलीय ते बोलू दे तिला.

नामुन्याक : माझं चुकलं, आजी. मला माफ करा.

नोंगिपा : काय चुकलं?

नामुन्याक : ते मण्यांचं.

नोंगिपा : मण्यांचं काय? गवत हातात धरून अर्धवट बोलू नये.

नामुन्याक : मणी मी घेतले.

नोंगिपा : किती?

नामुन्याक : तुम्ही म्हणाला होतात तेवढे. बारा.

नोंगिपा : सिन्याती, ऐकलंस ना?

सिन्याती : ऐकलं.

नोंगिपा : उद्या वडीलधारे निवाड्याला बसतील तेव्हा तुलाही सांगावं लागेल. नीट ऐकून ठेव. आण ते गवत इकडे. घेतलं मी. आपल्या रीतीप्रमाणे थुंकून आशीर्वादही देते, घे. लेकरंबाळं होवोत, गोठा भरो. माझ्या मनात आता काही नाही. तेरातला निरोप धाड म्हणावं तुझ्या आईला.

नामुन्याक : देव तुमचं भलं करो, आजी. मग माझे दागिने न्यायचे का? कानातले आईच्या आईचे आहेत. ते घातल्याशिवाय माझी पाठवणी करणार नाहीत.

नोंगिपा : दागिने मिळतील. कालवड आली की.

नामुन्याक : कुठली कालवड?

नोंगिपा : दंडाची. तुमच्या दारात एक तांबडी आहे ना, पांढऱ्या कपाळाची.

नामुन्याक : एकच आहे ती, आजी. गाय आटली आमची. ती कालवड मोठी होईल तेव्हा धाकट्यांना दूध मिळणार.

सिन्याती : सासूबाई, कालवडीचं राहू द्या ना. गवत घेतलंत, आशीर्वाद दिलात. मिटलं की.

नोंगिपा : तू मध्ये बोलू नकोस. चोरी झाली आणि दंड घेतला नाही, तर लोक काय म्हणतील? म्हणतील, चोरी झालीच नसेल. मग कुणाचं तरी खोटं असेल. तेरातची माणसं पुन्हा शंका काढतील. मी हिच्याच भल्याचं बोलतेय.

नामुन्याक : आईला सांगते.

नोंगिपा : सांगू नकोस, घेऊन ये. उद्या बैठकीच्या आधी. आणि रडू नकोस. रडतेयस ना? माझ्या कानांना कळतं.

नामुन्याक : नाही रडत.

सिन्याती : चहा घे गं. दूध घातलंय.

नामुन्याक : नको, काकू. ऊन वाढायच्या आत परत जायला हवं.

नोंगिपा : जा तर मग. उभी का अजून?

नामुन्याक : एक विचारायचं होतं.

नोंगिपा : विचार.

नामुन्याक : उद्या वडीलधारे विचारतील, मणी लपवले कुठं होतेस. मी येताना सगळी वाट तोच विचार करत होते. मला काही सुचलं नाही. मी कधी काही लपवलेलं नाही, आजी. कुठं लपवतात ते मला माहीत नाही.

नोंगिपा : मिठाच्या डब्यात म्हण.

नामुन्याक : आमच्याकडे डबा नाही. मीठ पुडीत असतं.

नोंगिपा : मग पुडीत म्हण. तळाशी.

नामुन्याक : मिठाच्या पुडीत, तळाशी. बरं, आजी.